पळता पळता पाठ केलेला इतिहास

आत्याला गल्लीत सगळे 'रेडिओ' म्हणत, तेही तोंडावर. शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करता करता ती गल्लीतली लग्नं जुळवायची, मोडायची आणि मोडल्याची कारणंही पुरवायची. असल्या बाईकडे भावाने लेकीचा अभ्यास सोपवला, यातच त्या अभ्यासाबद्दलचं त्याचं मत आलं.

लेक म्हणजे भिंगरी. पळण्यात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. पुस्तक उघडलं की मात्र डोळे पांढरे व्हायचे. खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळत होती, अट एकच: इतिहासात पास. नाहीतर खोकी भरायच्या कारखान्यात बापाने शब्द टाकून ठेवलाच होता.

आत्याने युक्ती काढली. मैदानाच्या कठड्यावर बसून ती धडा मोठ्याने वाचायची, भिंगरी पळता पळता म्हणायची. पहिल्या वळणावर तहाची कलमं, दुसऱ्यावर राजाच्या चुका. पोरगी घडाघडा बोलू लागली. एकदा बसवून विचारून बघा, असं शिंपी म्हणाला, तर त्यालाच ऐकावं लागलं की तुम्ही आपलं सुईत दोरा ओवायचं बघा.

परीक्षेत पोरगी बाकावर बसली आणि डोक्यात सगळं कोरं. बाकाखाली पाय हलवून पाहिले. शेवटी उठली आणि बाकांच्या रांगेतून चालू लागली. टोकाला वळताना पहिलं कलम आठवलंसुद्धा, पण तेवढ्यात बाईंनी पेपर काढून घेतला. दुसऱ्यांचं बघत होती म्हणे.

फाटकाशी उभ्या आत्याला सगळ्यांच्या आधी भिंगरी बाहेर येताना दिसली. इथंही पहिली आली, असं तिने शेजारणीला सांगूनही टाकलं.

खरं कळल्यावर ती तरातरा मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. बाई मनाने वाईट नव्हत्या. म्हणाल्या, पळताना उत्तरं देऊन दाखवू दे, चोरी नव्हती एवढं पटलं की पुन्हा परीक्षेला बसवू.

भिंगरी व्हरांड्याच्या पायरीवरून हलेना.

"ऊठ ना गं, माझे आई. एकच फेरी."

"पुन्हा बसवतील, आत्या. मी पुन्हा कोरा पेपर देईन. मग सगळे म्हणतील, ढ आहे. त्यापेक्षा चोर म्हणू देत."

आत्या तिच्या शेजारी पायरीवर बसली. मोठ्या बाईंनी खिडकीतून थोडा वेळ वाट पाहिली, मग खिडकी लावून घेतली.

सोमवारी बाप भिंगरीला कारखान्यात सोडून आला. काम सोपं आहे, तो आत्याला म्हणाला, दिवसभर एका जागी बसायचं.