लाल खटक्याचा धनी

विल्फ्रीदो काबान्यासला वीज कळते, हे एर्नांदारियास गावात फक्त एका माणसाला मान्य होतं, आणि तो माणूस म्हणजे विल्फ्रीदो काबान्यास. उभी हयात त्याने धरणावर काढली, यात खोटं काही नाही. पण तिथे तो नेमकं काय करायचा, असं कुणी विचारलं की त्याला खोकला यायचा. तो पाहुण्यांची बस चालवायचा. बसमध्ये एक बाई माईकवरून धरणाची माहिती सांगायची. किती पाणी, किती काँक्रीट, किती चक्रं, ते सगळं ऐकून ऐकून त्याला पाठ झालं होतं. बाई रजेवर असली की स्टिअरिंग धरून तो स्वतःच सुरू व्हायचा, आणि प्रत्येक आकडा थोडा फुगवून सांगायचा. निवृत्त होताना साहेबांनी त्याला धरणाचा मोठा फोटो दिला. तो त्याने बैठकीच्या खोलीत अशा थाटात टांगला की येणाऱ्याला वाटावं, धरण यानेच बांधलंय, कोनशिलेवर नाव घालायचं तेवढं राहून गेलं.

गल्लीतले लोक त्याला 'इंजिनियर' म्हणायचे. त्यातला टोमणा सगळ्यांना कळायचा, एक त्याला सोडून.

पेन्शनीत घर भागायचं, पण त्या घराला गल्लीत जी किंमत होती ती त्याच्या बायकोच्या बर्फामुळे. लिब्रादा, गल्लीच्या तोंडी 'न्या लिब्रादा', म्हणजे लिब्रादाबाई, बर्फ विकायची. फाटकावर 'बर्फ मिळेल' अशी पत्र्याची पाटी, पाटीवर एक बल्ब, तो पेटला की दुकान उघडं, आणि मागच्या पडवीत माणूस आडवा मावेल एवढा लांब फ्रीजर. आमच्या उन्हाळ्यात एखादा जेवणाशिवाय दिवस काढेल, तेरेरेशिवाय, म्हणजे पाल्यावर ओतलेल्या बर्फगार पाण्याशिवाय, नाही. आणि बर्फाविना तेरेरे म्हणजे नुसतं पाल्याचं कोमट पाणी. सकाळी सगळी गल्ली थर्मास घेऊन तिच्या फाटकाशी जमायची. ती लाकडी मोगरीने बर्फ फोडायची, थर्मासात भरायची, वर कुटलेला पुदिना टाकायची आणि त्याबरोबर गावातली बातमीही द्यायची. तिच्या फाटकाशी जे कळलं नाही, ते घडलंच नाही असं समजायचं.

आमच्या चॅपलचा संत सान ब्लास, त्याच्या सणाला दरवर्षी बर्फ जायचा तो तिच्याच घरचा. सण येतो फेब्रुवारीत, आणि आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा. यंदा कमिटीतल्या कुणा नव्या शहाण्याने काढलं, की पेट्रोल पंपावर पिशवीबंद बर्फ मिळतो, न्या लिब्रादाला या वयात कशाला त्रास द्या. हे तिच्या कानावर आलं. ती ताडकन चॅपलमध्ये गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बर्फ माझ्या घरचाच येईल. एक खडा जरी कमी पडला, तर पुढल्या वर्षापासून खुशाल पंपावर जा. मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

आणि नेमक्या त्याच महिन्यात विल्फ्रीदोने टेम्पोतून पाच मशीनं उतरवली.

गावाबाहेर मशीनांची एक मोठी शेड बंद पडली होती, तिथला हा जुना माल. पावाच्या लादीएवढं एकेक धूड, दोन्ही तोंडांना पंखे. ही मशीनं रात्रंदिवस गणितं सोडवतात आणि त्याबद्दल आपल्याला नाणं मिळतं, असं तो सांगत होता. नाणं दिसत नाही, वाजत नाही, खिशात मावत नाही. तरी ते असतं म्हणे.

"हे काय आणलंत?" लिब्रादाने विचारलं.

"भविष्य."

"त्याचा आवाज फार येतो का हो?"

"भविष्य म्हटलं की आवाज यायचाच."

"आणि ते खातं काय? वीजच ना? दुपारी माझ्या फ्रीजरलाच धड पुरत नाही, त्यात ही पाच तोंडं!"

"विजेचं मला शिकवू नकोस, लिब्रादा. मी धरणावर होतो."

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्या गल्लीसाठीच केली असावी. डोळ्यांसमोर एवढं थोरलं धरण. पण दुपारी जेवून सगळ्यांनी एसी लावून डोळे मिटले की विजेचा दाब असा पडायचा की बल्ब अंड्याच्या बलकासारखे पिवळे व्हायचे. फ्रीजर कण्हायला लागायचा.

मशीनांबरोबर पॉवर सप्लाय आले नव्हते. ते दुसऱ्याच कुणी नेले होते. म्हणून विल्फ्रीदो शेजारच्या बाजाराच्या शहरात, सिउदाद देल एस्तेला, गेला, नसीफच्या दुकानात. नसीफचा बाप लेबनॉनहून आलेला. तो स्वतः मात्र याच बाजारात वाढला आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याचा रोग ओळखायचा.

"तुमच्याकडे दुपारी दाब पडतो ना, डॉन विल्फ्रीदो? मग डोळे मिटून हा घ्या. कमी येवो, जास्त येवो, हा आपला आपण जुळवून घेतो."

विल्फ्रीदोने डबा सगळीकडून फिरवून बघितला. "याला खटका कुठाय?"

"खटका नाही. सगळं आपोआप."

झालं. 'आपोआप' हा शब्द कानी पडला आणि नसीफची विक्री तिथेच बुडाली. विल्फ्रीदोचं त्या शब्दाशी जुनं वैर होतं. घरातल्या आपोआप धुणाऱ्या मशीनने त्याचा धरणावरचा पांढरा शर्ट लाल टेबलक्लॉथबरोबर धुऊन गुलाबी केला होता. नोकरीच्या शेवटी धरणावर विनागिअरची बस आली, तेव्हा ती चालवायला त्याने साफ नकार दिला होता. जे आपोआप चालतं त्याला माणूस लागत नाही, आणि ज्याला माणूस लागत नाही त्याला विल्फ्रीदो काबान्यास कशाला लागेल? ही खरी बोच होती. बोलून मात्र तो एवढंच दाखवायचा, "माझ्या घरात काय ते मी ठरवतो."

मग त्याला वरच्या फळीवर जुन्या पद्धतीचे सप्लाय दिसले. पाठीमागे नखाएवढा लाल खटका. एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला ११५. त्याचा चेहरा असा उजळला की जणू हरवलेला भाऊ जत्रेत भेटला.

"तो नका घेऊ," नसीफ म्हणाला. "आणि घेतलातच तर हा खटका कायम इकडेच, २३० वर. मध्ये हात लावायचा नाही."

"मला सांगता? मी धरणावर होतो."

गिऱ्हाईक धरणावरचं आहे म्हटल्यावर नसीफने वाद घातला नाही. खोक्यांना सुतळी बांधली आणि टॅक्सी बोलावली.

मशीनं कुठे ठेवायची? विल्फ्रीदोने बराच विचार केला आणि ती फ्रीजरच्या डोक्यावर फळी ठोकून मांडली. तिथे गारवा असतो, म्हणाला. लिब्रादा म्हणाली, "गारवा आत असतो हो, बाहेर नाही," पण तोवर पंखे सुरू झाले होते आणि त्यापुढे कुणाचंच काही ऐकू येईना. चिपाचे पाव भाजायच्या भट्टीसारखी पडवी तापली. फाटकाशी लोक ओरडून बर्फ मागू लागले, आणि बातम्या तर बंदच पडल्या, कारण गल्लीतली लफडी ओरडून सांगता येत नाहीत. समोरच्या त्रांकिलिनोने थर्मास पुढे करत विचारलं, "न्या लिब्रादा, मागे विमान उतरलंय का?"

"विमान उतरलं असतं तर पुन्हा उडून तरी गेलं असतं," लिब्रादा म्हणाली.

सकाळी मशीनं झोकात चालायची. दुपारी दाब पडला की एकेक मान टाकायचं. सणाच्या आदल्या दुपारीही तेच झालं. लिब्रादाने फ्रीजरचं झाकण उचलून पिशवी दाबली. कडेने बर्फ, मध्ये पाणी. दुसरी दाबली, तिसरी दाबली. तिचा चेहरा उतरला.

"आता ती तुमची मशीनं उद्यापर्यंत बंदच राहू द्या," ती म्हणाली. "फ्रीजरच्या वाटची वीज खातात."

"बंदच आहेत. आपोआप बंद पडलीत."

स्वतःच्याच तोंडून तो शब्द निघाला आणि विल्फ्रीदोला तो झोंबला. त्याने खुर्ची ओढली, तेरेरेचा पेला हातात घेतला आणि पाच लाल खटक्यांकडे टक लावून बसला. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. बस चढाला लागली, दम खायला लागली, की ड्रायव्हर काय करतो? गिअर खाली टाकतो! दाब खाली आलाय ना, मग खटकाही खाली आणायचा. एवढी साधी गोष्ट, आणि तो लेबनॉनी म्हणतो हात लावायचा नाही.

त्याने पाचही खटके ११५ वर सरकवले. पंखे थरथरले, फिरले, आणि पाचही मशीनं गर्जायला लागली.

विल्फ्रीदोच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्याने त्रांकिलिनोला झोपेतून उठवून आणलं, खुर्ची दिली आणि धरणाची माहिती पहिल्यापासून सुरू केली. "लोक विजेला घाबरतात, त्रांकिलिनो. तिचा लगाम धरावा लागतो!"

लगाम धरला खरा, पण पडवीतला बल्ब आणखी पिवळा झाला आणि फ्रीजर नुसता घुरघुरून गप्प बसू लागला. लिब्रादाने झाकणावर हात ठेवला. "अहो, मी पाया पडते तुमच्या. आजचा दिवस बंद करा. उद्या सण आहे."

"आज पहिल्यांदा ती माझं ऐकतायत आणि तू म्हणतेस बंद करा?"

तिने त्याच्याकडे बघितलं. डोक्याला ओलं फडकं बांधलं आणि भर उन्हात बाहेर पडली.

दुपारच्या झोपेच्या वेळी आमच्या रस्त्यावर कुत्रंही नसतं. हिंडतो तो फक्त यासी यातेरे, मुलं पळवणारा गोष्टीतला बुटका. त्यामुळे पहिल्या घरातली बाई दार उघडून किंचाळलीच, "न्या लिब्रादा! कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. तासभर एसी बंद कर."

"या उन्हात?"

"बर्फ धरेना झालाय. आज तासभर घाम गाळा, नाहीतर उद्या सान ब्लाससमोर कोमट तेरेरे प्या. तुमचं तुम्ही ठरवा."

कोमट तेरेरे म्हटल्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. तिला पुढची दारं ठोठावावीही लागली नाहीत. एका कुंपणावरून दुसऱ्या कुंपणावर निरोप गेला, न्या लिब्रादा सांगतेय, बंद करा. चॅपलपर्यंतचे एसी पटापट गप्प झाले. उठून घाम पुसत लोक अंगणात आंब्याखाली येऊन बसले, कुणी कुरकुरलं नाही. पंपावरच्या बर्फाची सूचना करणारा तो शहाणाही बनियनवर बाहेर आला.

इकडे पडवीत विल्फ्रीदो चक्रांच्या आकड्यांपर्यंत पोचला होता. तेवढ्यात पिवळा बल्ब पांढरा झाला, मग लख्ख.

"बघ!" तो खुर्चीतून उठला. "बघ, कशी धावत येतेय माझ्याकडे!"

ती आलीच, पण पुऱ्या जोराने, आणि खटके होते ११५ वर. पहिला सप्लाय बंदुकीसारखा उडाला. त्रांकिलिनो खुर्चीसकट मागे पडला. मग दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याने जरा वेळ घेतला, पण त्याने भरपाई केली. धूर, जळका वास, अंगावर तेरेरे सांडलेलं, आणि मेन खाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घरात शांतता झाली. मागच्या अंगणातली कोंबडी बोलली, तीही ऐकू आली.

त्रांकिलिनो जमिनीवरूनच म्हणाला, "इंजिनियर, हे बसमध्ये सांगत नव्हते वाटतं?"

घामाने निथळलेली लिब्रादा आत आली. धूर बघितला, काळी पडलेली फळी बघितली, नवरा दोन्ही पायांवर धड आहे एवढं बघितलं, आणि त्याला ओलांडून मेन वर केला. फ्रीजर एकदा शहारला आणि मोकळ्या आवाजात चालू झाला. तिने झाकणावर गाल टेकला आणि तशीच डोळे मिटून उभी राहिली.

ती दोन शिव्या देईल, अशी विल्फ्रीदोला आशा होती. शिव्यांना त्याच्याकडे उत्तर तयार होतं. पण ती झाकण उचलून पिशव्या चाचपायला लागली. मग बाहेरून हाका आल्या, "न्या लिब्रादा, धरला का? अजून थोडा वेळ बंद ठेवू?" आणि त्याला कळलं की दाब कुणामुळे वाढला. ते त्याला फार लागलं. एवढी वर्षं तो विजेच्या गप्पा मारत होता. त्याच्या शब्दाखातर गल्लीत कुणी एक बल्ब विझवला नसता. आणि हिने डोक्याला फडकं बांधून एका दारात सांगितलं, तर सगळी वस्ती उकडत बसली.

सणाला बर्फ गेला. पोती भरून गेला, आणि कमिटीतल्या शहाण्याने ती स्वतः खांद्यावरून वाहिली. मंडपात विल्फ्रीदो लोकांना सांगत होता, "सणापुढे मशीनं काय मोठी? मीच बंद केली."

"हो ना," त्रांकिलिनो म्हणाला. "वाजवून बंद केली."

पुढच्या आठवड्यात लिब्रादाने जळके सप्लाय भंगारवाल्याला द्यायला काढले. त्यातल्या एकाचा लाल खटका शाबूत होता. तो तिने काढून घेतला आणि वायरमनकडून फाटकावरच्या पाटीच्या बल्बला बसवून घेतला. इतकी वर्षं तो बल्ब हाताने पिळून लावावा लागायचा.

"हा तुमचा," ती नवऱ्याला म्हणाली. "उजाडलं की वर, दुकान बंद केलं की खाली. मध्ये हात लावायचा नाही."

विल्फ्रीदो ते काम मन लावून करतो. पाटीवरचा बल्ब लावायला आजवर तो एकदाही चुकलेला नाही. तरी लिब्रादा रोज सकाळी फाटक उघडताना मान वर करून एकदा बघून घेते.