आबांची होडी

आबांना पोहता येत नव्हतं, वल्हवताही येत नव्हतं, आणि साऱ्या गावात होडी होती ती फक्त त्यांच्याकडे.

आबा माझे थोरले मामा. गाव अमळनेर तालुक्यात, तापीच्या अलीकडच्या काठाला. शेत मात्र पलीकडे. पावसाळ्यात तिथं जायचं तर चोपड्याच्या पुलावरून वळसा घालावा लागे आणि त्यात दिवस मोडे. म्हणून त्यांनी एक जुनी लाकडी होडी घेतली. एकदा घेतली की पुढं खर्च नाही, असं त्यांनी मामीला पटवलं होतं. मामीला सगळे अक्का म्हणत.

मग होडीला डांबर लागलं, नवी फळी लागली, दोर लागला. वल्हवायला नावाडी ठेवावा लागला आणि नावाड्याला दोन वेळचं जेवण. पलीकडे जाणारा प्रत्येक माणूस होडी येईपर्यंत आबांच्या ओट्यावर बसे. त्याला चहा विचारल्याशिवाय आबांना राहवत नसे. भडगावचे नातेवाईक तर पोराबाळांसह निव्वळ होडीत बसायला येत आणि चार दिवस राहत. सगळं गाव ओट्यावर जमलेलं बघून अक्का एकदा चुलीपुढून म्हणाल्या, "होडी नदीम्हा, आनि बठ्ठा गाव मन्हा वट्टावर!"

उन्हाळ्यात लाकूड सुकून फळ्यांत फटी पडत, म्हणून आबा होडीत दगड भरून ती काठालगत बुडवून ठेवत. एका वर्षी कुणीतरी ते पाहिलं आणि आबांची होडी बुडाल्याची बातमी चाळीसगावपर्यंत गेली. तिथले व्याही भेटायला आले, गंभीर चेहऱ्यानं बसले. आबांनी त्यांना शांतपणे सांगितलं, की बुडू नये म्हणूनच बुडवलीय. व्याही जेवून परत गेले.

शेवटी अक्कांनीच शिरपूरकडचं एक गिऱ्हाईक शोधलं. श्रावणात तो माणूस होडी बघायला आला. मी सुट्टीला तिथंच होते. सौदा ठरत आला होता, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी काठीला धोतर बांधून हलवायला लागलं. शेतातल्या राखणदाराची बायको बाळंतपणात अडली होती. नावाडी नेमका सासरवाडीला गेलेला. नदी गढूळ, पाणी चढतं. आबा काठावर नुसते हात चोळत उभे राहिले. गिऱ्हाइकानं चहाची बशी खाली ठेवली आणि वल्ही उचलली. अक्का पदर खोचून होडीत चढल्या. ते पाहून आबाही चढले आणि दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटून मधोमध बसले.

बाईला अलीकडे आणून ट्रॅक्टरनं अमळनेरला नेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. परतल्यावर गिऱ्हाइकानं सौद्याचं विचारलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "जेवीसन जा, भाऊ. होडी इकानी नही."

पुढं काही वर्षांनी गावाजवळच पूल झाला आणि होडीत बसायला कुणी उरलं नाही. शिरपूरच्या त्याच माणसाला आबांनी ती देऊन टाकली. तो ती प्रवाहानं खाली घेऊन निघाला, तेव्हा आबा काठाकाठानं पुढच्या गावापर्यंत बरोबर चालत गेले आणि संध्याकाळच्या एसटीनं परतले. अक्कांनी ताट वाढलं.

मी त्या दिवशी तिथंच होते; विषय काढायचा म्हणून पुलाचं कौतुक केलं. आबांनी भाकरी मोडली.

"पूल चांगला शे," ते म्हणाले. "पन पुलवर कोनी बसीसन गोठी करत नही."