रुखवतात गेलेल्या बाईसाहेब

सिगारेटीला जन्मात ओठ न लावता सिगारेटीपायी येडा झालेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा व्याही, आमच्या बोलीत इवाई, निघाला. पांढरकवड्याला त्याच्या आजाचं पानाचं दुकान होतं. त्या काळी सिगारेटीच्या पाकिटात नाटकातल्या नटनट्यांची चित्रं निघत, पत्त्याच्या पानाहून लहान. आजाने ती जमवली, नातवाने वाढवली. हायवेवर थांबलेल्या ट्रकवाल्यांना हा विचारत फिरायचा, "हैदराबादच्या कबाडात दिसल्या का आमच्या बाया?" चित्राला हात लावायचा तर आधी साबणाने हात धुणार, पंखा बंद करणार, आणि चित्रातलीला 'बाईसाहेब' म्हणणार. स्वतःच्या बायकोला मात्र साधं 'अवो' सुद्धा कधी म्हटलं नाही.

पोरीच्या लग्नात त्याची अक्कल फिरली. लोक रुखवतात लाडू, शेवया, कापसाचे बैल मांडतात. याने सगळी चित्रं काचेच्या फ्रेमीत लावून मांडली. नुसती दाखवायला. पण रुखवत म्हणजे पोरीसोबत सासरी जाणारा माल. आमच्या घरच्या बायांनी लाडवांच्या डब्यामागोमाग फ्रेमही आमच्या मारेगावच्या गाडीत चढवली. दिलेलं रुखवत हा परत मागणार कसा? आणि मागितल्याशिवाय देणारा मी नव्हे.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी 'लेकीला भेटायला' येतो. लेक चहा आणते, तर हा तिच्याकडे पाठ करून भिंतीवरच्या फ्रेमीकडे तोंड. कोपऱ्यातल्या नऊवारीवाल्या नटीवरून आमचं भांडण ठरलेलं.

"इवाई, हा बाप्या हाये. मनगट पाहा," मी म्हणतो.

"अवो, कापूस येचणाऱ्या बाईचं मनगट नाई पाह्यलं का तुमी? बाईच हाये!"

"नाटकात कापूस येचते काय ते?"

तो गेला की मीही स्टुलावर चढून पाहतो. कोण असेल? कोणत्या गावची? सिगारेटीच्या पाकिटात आपलं तोंड जातं, हे तिच्या घरी ठाऊक तरी होतं का?

यंदा त्याचे डोळे गेले. काचेला नाक टेकवूनही काही दिसेना. त्या दिवशी त्याने भांडण काढलंच नाही. मला ते सोसलं नाही. मी फ्रेम उतरवली, जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवली. "घेऊन जा, इवाई. मागू नका, नुसती न्या."

तो लुगड्यावरूनच हात फिरवत बसला. मग म्हणाला, "नेऊन करू काय? घरी मले सांगन कोन?"

मी लुगडं सोडलं, चष्मा पुसला आणि वरच्या ओळीपासून सुरुवात केली. ही पदर दातात धरलेली. हा तलवारवाला राजा, पायात मोजे.

"हळू सांगा ना, इवाई," तो डोळे मिटून म्हणाला. "मले पाहू द्या."