वर्तुळ आलं की पुढे

मुलगी अभ्यासाला बसली की चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे उभं राहायची मला सवय होती. ते मला प्रेमच वाटायचं.

बारावीबरोबर ती मॅनेजमेंटच्या, बारावीनंतर थेट घेता येणाऱ्या कोर्सच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. कॉलेज तिनं स्वतः ठरवलेलं, दुसरं कुठलंही तिला नको होतं. गणितात तिला फक्त वर्तुळं अडायची. विजय नगरच्या क्लासमध्ये मुलांची गर्दी फार, म्हणून मी म्हणालो, "वर्तुळं मी घेतो." मी इंजिनियर, कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात. चूक दिसली की जागच्या जागी थांबवायचं, हे माझं रोजचं काम. घरीही मी तेच केलं. तिनं कागदावर पेन्सिल टेकवली रे टेकवली की माझं सुरू व्हायचं.

"केंद्रापासून स्पर्शबिंदूपर्यंत रेघ काढ. तिथे नाही! अगं, समोर आहे! डोळे आहेत की बटणं?"

ती मान खाली घालून रेघ काढायची. स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, "अहो, पोरगी आहे ती. तुमच्या फॅक्टरीतला हेल्पर नाही." मी ते हसण्यावारी न्यायचो.

एका रविवारी ती कॉम्प्युटरवर सराव परीक्षा देत होती आणि मी नेहमीसारखा मागे उभा होतो. टक्केवारी झाली, त्रिकोण झाला. मग पडद्यावर वर्तुळ आलं, बाहेरच्या एका बिंदूपासून त्याला दोन स्पर्शिका. तिनं प्रश्न वाचलासुद्धा नाही. थेट 'नेक्स्ट' दाबलं. थोड्या वेळानं पुन्हा एक वर्तुळ आलं, पुन्हा 'नेक्स्ट'. मला वाटलं, शेवटी परत येईल. वेळ उरला होता, पण तो तिनं डोळे मिटून बसून काढला.

"येत नव्हते?" मी विचारलं.

"टाइम नव्हता, बाबा."

संध्याकाळी वाळलेले कपडे घ्यायला मी गॅलरीकडे गेलो, तर ती तिथे फोनवर क्लासमधल्या मैत्रिणीला हिंदीत समजावत होती. "अरे यार, डर मत. बाहर के पॉइंट से दोनों टँजेंट बराबर. सेंटर से जोड़ दे, दो नाइंटी मिल गए. अब बचा क्या?" आणि खळखळून हसली. सकाळी न वाचता सोडलेलं गणितच ते. मी दाराच्या पडद्याआड तसाच उभा राहिलो.

बायकोला सांगितलं, तर तिला नवल वाटलं नाही. "क्लासच्या टेस्टमध्येही सोडते. म्हणते, वर्तुळ दिसलं की बाबांचा आवाज येतो."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की. तुम्ही हसलात."

दुसऱ्या दिवशी मी मुलीसमोर बसलो आणि म्हणालो, "आता तू मला शिकव."

"नाटक नका करू हं, बाबा."

"नाटक नाही. दे एखादं."

तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. वर्तुळात एक त्रिकोण, त्याची एक बाजू बरोबर मधून गेल्यासारखी. सोपं आलं म्हणून मी मनात खूश झालो आणि समोरच्या कोनात नव्वद लिहून टाकले.

"नाइंटी कुठून आला?"

"अर्धवर्तुळातला कोन."

"ती लाइन डायमीटर आहे, असं कुठे लिहिलंय? सेंटर तरी दिलाय का? समोर आहे, बाबा! डोळे आहेत की बटणं?"

सूर हुबेहूब माझा होता. 'समोर'वरचा जोरसुद्धा. तिनं तोंडावर हात ठेवला. मला हसायचं होतं, जमलं नाही. मी पुन्हा आकृतीकडे पाहिलं आणि मला काहीच दिसेना. रेघा होत्या, अक्षरं होती, पण त्यांचा एकमेकांशी संबंध लागेना. कान तापले होते. कोणीतरी हे पान उलटावं, एवढंच वाटत होतं.

"सॉरी, बाबा."

"नाही, बरोबर बोललीस," मी म्हणालो. माफी मी मागायची होती. त्याऐवजी मी तिला शाबासकी दिली, म्हणजे पुन्हा मास्तरच झालो.

त्यानंतर ती दार लावून अभ्यास करायला लागली आणि मी दारावर टकटक केली नाही. परीक्षेच्या दिवशी तिला स्कूटरवर केंद्रावर सोडलं आणि बाहेर थांबलो. काही विचारायचं नाही, हे ठरवून ठेवलं होतं. बाहेर आल्यावर तीच बोलली.

"वर्तुळाचे दोन होते. पहिला मस्त निघाला."

मी तिचं हेल्मेट हातात धरून उभा होतो.

"दुसराही येत होता. तेवढ्यात ते सुपरवायझर अंकल येऊन माझ्या मागे उभे राहिले."

"मग?"

"मग काय? नेक्स्ट."

तिनं ते विनोदासारखं सांगितलं. एका प्रश्नानं जागा जाऊ शकते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हणालो, "मला माफ कर, बाळा."

"आत्ता? या ट्रॅफिकमध्ये? चला ना बाबा, भूक लागलीये." ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे बसली. मी स्कूटर स्नेहलतागंजकडे, घराकडे वळवली.

निकाल अजून लागायचा आहे. तिच्या खोलीत काही काम असलं तर मी दारातूनच बोलतो. अभ्यास आता संपला आहे, ती नुसती मोबाईल बघत पडलेली असते. तरी माझी चाहूल लागली की पडद्यावर फिरणारं तिचं बोट थांबतं.