मेतकुटाचा पहिला नंबर

मंगळवारी सकाळी बायको वारली.

तेरावं उरकल्यावर तिची मैत्रीण हैदराबादेत चिक्कडपल्लीला आमच्या घरी आली. सुलतान बाजारात तिचं मेतकूट-मसाल्यांचं दुकान आहे. इंटरनेटवर शोधणाऱ्याला ते वरच सापडावं, हे बघण्याचं काम बायकोकडे होतं. दर सोमवारी ती ‘मेतकूट हैदराबाद’ असं शोधायची आणि निकालांचं अख्खं पान, वरपासून तळापर्यंत, एका लांबलचक स्क्रीनशॉटमध्ये पकडून मैत्रिणीला पाठवायची. दुकान कितव्या जागी आहे ते त्यात दिसे.

“भावजी, आता हे तुम्हीच करा,” मैत्रीण म्हणाली. “परक्याला द्यायला मन होईना.”

मी जामबागच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर बायकोनं मला हा प्रकार शिकवून पाहिला होता. आधी पान सावकाश तळापर्यंत सरकवायचं, म्हणजे सगळं उमटतं. घाई केली की खालचा भाग कोरा येतो. मी सरकवता सरकवता प्रत्येक निकाल वाचत बसे. “अहो, वाचायचं नाहीये, काढायचंय,” ती म्हणायची. “लेखक कोण ते काय शोधताय!”

मी हो म्हटलं. त्या दिवसांत अंघोळ करून खुर्चीत बसावं असं दुसरं काही कारण माझ्याकडे नव्हतं.

बायको हे काम ब्राउझरच्या काळ्या खिडकीत करायची. मी नेहमीची पांढरी उघडली; घरात होता तेवढा काळोख पुरे होता. बघतो तर काय, दुकान पहिल्या नंबरावर! बायकोच्या वेळी ते सहावं नाहीतर सातवं असे. मी भिंतीवरच्या फोटोला म्हटलं, “बघितलंस? तुला इतकी वर्षं जमलं नाही.” ती फोटोत हसतच होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढच्या सोमवारीही पहिला. त्याच्या पुढच्याही. मैत्रिणीनं दुकानावर फलक लावला, ‘हैदराबादेत पहिला नंबर’. मला मेतकुटाचा डबा आला. मी उगाच दोनदा सुलतान बाजारात जाऊन फलक वाचून आलो.

मग एके दुपारी मैत्रीण फोन हातात घेऊन दारात उभी. समोरच्या मसालेवाल्यानं भर गिऱ्हाइकांत तिला ऐकवलं होतं, “अम्मा, पहले तो हम हैं. तुम सातवें.”

“साऱ्या बाजारात मला हौली, अगदी येडी बनवलंत की भावजी! माझा पुतण्या म्हणतो, हे काम करणाऱ्या एखाद्या कंपनीला दे.”

काम जाणार असं दिसलं. मी तिच्यासमोर पुन्हा शोधलं. कॉम्प्युटरवर पहिला, तिच्या फोनवर सातवा. काही सुचेना म्हणून ‘इडली’ शोधली. सगळ्यांत वर बायकोच्या आवडीचं हॉटेल. ‘साड्या’ शोधल्या, बायकोच्या नेहमीचं साड्यांचं दुकान वर.

मैत्रीण एकदम हसली. “भावजी, ही दुनियेची पसंती नाही हो. तिची आहे!”

मग उलगडलं: बायको पांढऱ्या खिडकीत, स्वतःच्या खात्यातून, रोज मैत्रिणीच्या दुकानाचं पान उघडून बघायची. खिडकीनं ते लक्षात ठेवलं होतं. या घरात मेतकुटाशिवाय काही शिजत नाही अशी त्या खिडकीची समजूत झाली असावी. काळी खिडकी, म्हणजे ‘इन्कॉग्निटो’, घरचं काही ध्यानात ठेवत नाही. आम्ही ती उघडली. दुकान सातवं.

“फलकाचं काय करायचं?” मी विचारलं.

“खाली बारीक अक्षरात लिहिते. चिक्कडपल्लीत, एका घरात.”

“आणि काम?”

“पुतण्याला सांगते, नक्को कंपनी. पण भावजी, खिडकी बघून उघडा.”

आता सोमवारी मी काळ्या खिडकीतलं पान पकडून तिला पाठवतो. दुकान सहावं आहे. पांढऱ्या खिडकीत ते अजून पहिलं आहे. ते पान मी कुणाला पाठवत नाही.