फिल्डचा भत्ता

लोक विचारायचे, "तू करतेस तरी काय गं?" मी सांगायचे, टेलिफोनची केबल जमिनीखालून जाते, ती कुठून न्यायची ते मी मोजते. त्यावर पुढचं वाक्य ठरलेलं असायचं: "मग पगार दणकून असेल!" टेलिफोन कंपन्यांचे दिवस होते. वर्तमानपत्रात पानभर जाहिराती, कल्याणच्या पुलावर मोठाले बोर्ड. तिथं पैसा आहे म्हणजे तिथं काम करणाऱ्यांकडंही असणार, असं माणसांना वाटायचं. मलाही नोकरीला लागेपर्यंत तसंच वाटत होतं.

आमचं घर वाशिंदला, विहाराच्या मागच्या आळीत. वडील स्टेशनपलीकडच्या कारखान्यात होते. आई लग्नाआधीपासून दुसऱ्याच्या शेतावर आणि रस्त्याच्या कामावर मजुरीला जात आलेली, आणि "आत्ता हातात नाहीत" असं ऐकून कैकदा निम्म्याच मजुरीवर परतलेली. मी आयटीआयला सर्व्हेअरचा ट्रेड घेतला तेव्हा वर्गात आम्ही दोनच मुली होतो आणि दुसरीनं मध्येच लग्न केलं. पास झाल्यावर शहापूरच्या बाजारपेठेत एका ठेकेदाराच्या ऑफिसात लागले. मोठी कंपनी त्याला काम द्यायची, तो आम्हाला. त्याला आम्ही सगळे साहेब म्हणायचो.

माझ्याबरोबर त्याच महिन्यात साताऱ्याकडचा एक मुलगा लागला. ट्रेड तोच, मार्क माझ्यापेक्षा कमी. मूळ पगार दोघांचा सारखा, अडीच हजार. पण त्याच्या हातात महिन्याच्या शेवटी माझ्या दुप्पट पडायचे. कसे? तर त्याला फिल्डचा भत्ता होता. तो फिल्डवर जायचा आणि मी ऑफिसात बसून त्याच्या मापांवरून नकाशे काढायचे. शिवाय त्याची स्वतःची मोटारसायकल, म्हणून पेट्रोलचे वेगळे. तो बाहेरगावचा, म्हणून राहण्याचे वेगळे. मी रोज वाशिंदहून येऊन-जाऊन करायचे, म्हणून मी "लोकल". लोकल माणसाला राहण्याखाण्याचा खर्च नसतो म्हणे. आता मी काय हवा खाऊन जगत होते?

त्या काळात मला एक गोष्ट हळूहळू समजत गेली. माणसाला वाटतं, पगार म्हणजे आपल्या कामाची किंमत. आमच्या धंद्यात कामाचा वाटा त्यात सगळ्यात लहान होता. डिप्लोमावाल्याला आयटीआयवाल्यापेक्षा जास्त, मग त्याला टेप सरळ धरता येवो न येवो. इंग्रजीत रिपोर्ट लिहिता आला तर जास्त. शहरातल्या किलोमीटरला एक दर आणि मुरबाडकडच्या किलोमीटरला त्याहून कमी, जणू मुरबाडचा किलोमीटर आखूड असतो. पावसाळ्यात खोदाई बंद, म्हणजे भत्ता बंद. आणि थेट कंपनीच्या पगारपत्रकावर असलेल्यांना जे मिळायचं, ते ऐकून तर आमचे कान गरम व्हायचे.

मी साहेबांकडं दोनदा फिल्ड मागितलं. ते वाईट माणूस नव्हते, चहा स्वतः ओतून द्यायचे. म्हणाले, "बाईमाणसाला रस्त्यावर पाठवलं आणि उद्या काय झालं तर मी तुझ्या बापाला काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, माझ्या बापाला विचारा की. त्यावर ते हसले आणि विषय संपला. माझी काळजी करून ते महिन्याला एक भत्ता वाचवत होते, हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

मग एका उन्हाळ्यात कल्याणला दुसऱ्या कंपनीचं ऑफिस उघडलं आणि आमचे फिल्डवरचे दोघं एकाच आठवड्यात तिकडं पळाले. त्यात साताऱ्याचाही होता. इकडं मुरबाडपुढच्या रस्त्याचं, सरळगाव ते टोकावडे असं काम अंगावर आलेलं. साहेबांनी मला बोलावलं. "जातेस का? रूट पास झाला की तुझा फिल्डचा भत्ता चालू करतो. शब्द देतो." मी उडीच मारायची बाकी होते. मला तो भत्ता हवा होता, पैशासाठी हवा होता, आणि खरं सांगते, त्याहून जास्त त्या साताऱ्याच्या बरोबरीला यायचं म्हणून हवा होता.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "एकटी नाय जायचं. मी येते."

"तू येऊन काय करशील?"

"तू जे सांगशील ते. टेप धराय काय अक्कल लागते?"

झालं. सकाळी शहापूरहून शेणवा, किन्हवलीमार्गे एसटी पकडायची, सरळगावला उतरायचं आणि काम सुरू. आमच्याकडं एक मोजायचं चाक असायचं, लांब दांड्याचं, ढकलत नेलं की किती मीटर झाले ते दाखवणारं. रस्त्याच्या कडेनं मी चाक ढकलत पुढं आणि आई मागून खुंट्यांची पिशवी घेऊन. ठरलेल्या अंतरावर आणि प्रत्येक वळणावर लाल तोंडाची लाकडी खुंटी ठोकायची. रस्त्याच्या मध्यापासून खुंटीपर्यंतचं माप टेपनं घ्यायचं. मोऱ्या, झाडं, पाण्याचे पाइप टिपायचे, जमीन मुरमाची की खडकाची तेही. धाब्यावरचे ट्रकवाले ओरडायचे, "ओ मावशी, गाडीचं एकच चाक? बाकीची गाडी कुठं टाकली?" पहिल्या दिवशी मी मान खाली घातली. आईनं तिथल्या तिथं उत्तर दिलं, "तुज्या आयशीनं नेली रे, तिला जाऊन इचार!" धाबाभर लोक हसले. त्यानंतर त्या धाब्यावर आम्हाला पाणी न मागता मिळायला लागलं.

आईला त्या कामाची गोडी लागली होती. टेपचं टोक ती असं घट्ट धरायची की मलाच ओढल्यासारखं व्हायचं. "बाय, नीट बघ, आकडा चुकंल," असं वर मलाच दटावायची. तिच्या कामाचे साहेबांनी काही दिले नाहीत आणि मीही मागितले नाहीत. मागायचं सुचलंच नाही, इतकं ते आईचं काम होतं.

सगळा रूट आखून झाला. नियम असा, की कंपनीचा इंजिनीयर येऊन खुंट्या बघणार, मधूनमधून मापं ताडून पाहणार, मग रूट पास. खुंटी दिसली नाही तर तेवढा तुकडा नापास, आणि तुकडा नापास म्हणजे सगळंच लटकलं. तपासणीच्या दिवशी आम्ही पहिल्या गाडीनं लवकर पोचलो, एकदा नजर टाकावी म्हणून. टोकावड्याच्या अलीकडं एका गावाच्या शेतांपाशी आलो आणि बघते तो काय! खुंट्या नव्हत्या. एका मोरीपासून पार पुढच्या वळणापर्यंत एकही नाही.

बाजूच्या शेतांत बायका राब भाजत होत्या. आमच्या भागात पेरणीआधी भाताच्या रोपांची जागा अशी भाजतात, पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून. धुरात माझं लक्ष गेलं तर एका ढिगाच्या कडेला लाल रंगाचं एक अर्धवट जळकं टोक दिसलं. माझं डोकंच फिरलं. मी बांध ओलांडून गेले आणि ओरडले, "ह्या खुंट्या कुणी काढल्या? तुम्हाला काय जळण मिळत नाही काय?"

डोक्याला फडकं बांधलेली एक थोराड बाई पुढं आली. जराही घाबरली नाही. "आमी काढल्या. माझं म्हायेर तिकडं शहापुराकडं. तितं बी आदी अशाच लाल खुंट्या आल्या. मागून धरनाचं पानी आलं. गाव गेला आमचा. परत खुंटी बघितली का मी ठेवायची नाय, ठरवलंय मी."

माझा राग ओसरला. आम्ही नकाशावर रेघ काढतो तेव्हा ती रेघ कुणाला काय आठवून देईल हे कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. आई माझ्या मागून आली आणि बांधावर बसकण मारून तिनं त्यांना सगळं समजावलं. जमीन घ्यायची नाही, रस्त्याच्या कडेला हातभर रुंद चर खणून फोनची तार पुरायची आहे, मग चर बुजवणार. "आनि आज सायब बघाय येनार. खुंट्या नाय दिसल्या तर माज्या लेकीचा भत्ता गेला."

"कसला भत्ता?"

आईनं तेही सांगितलं. बाप्यांना मिळतो, हिला नाही. आज पास झालं तर मिळणार. त्या फडकेवाल्या बाईनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मागं वळून हाक मारली, "अगो, या गो सगळ्या! आपापल्या बांधाला उभ्या ऱ्हावा. जिनं जितं काडलीय तितं."

तेव्हा मला उमगलं. प्रत्येकीनं आपल्या शेतासमोरचीच खुंटी उपटली होती. जागा त्यांच्या पक्क्या ध्यानात होत्या, आपल्या दारातली वस्तू कुठं होती हे कुणाला सांगावं लागतं काय! एकेक जण येऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. भोकं बुजली होती तिथं पायानं माती उकरून दाखवू लागल्या. मी म्हटलं, एकेक दगड ठेवत जाऊ, रंगाचा डबा पिशवीत आहेच. पहिला दगड उचलतेय तोच साहेबांची जीप आली.

इंजिनीयर परप्रांतातला होता, तरुण, मराठी तोडकंमोडकं. खाली उतरून त्यानं रस्त्याकडं पाहिलं. कडेनं बायका उभ्या, हातात कोयते, तोंडाला राख. साहेबांचा चेहरा पार उतरला.

"मॅडम, ये क्या? खुंटी किधर आहे?"

मी काही बोलायच्या आत फडकेवाली म्हणाली, "मीच खुंटी. मोज."

तो आधी हसला. मग खरंच त्यानं बांधाला टेकवलेलं माझं चाक घेतलं, शेवटच्या शाबूत खुंटीपासून निघाला आणि एकेका बाईपाशी थांबून माझ्या मापाशी ताडू लागला. बायका श्वास धरून उभ्या होत्या, हलायचं नाव नाही. एक तर हसू दाबता दाबता लाल झाली होती. फरक निघाला तो वीतभर, फार तर हातभर. आई त्याच्या मागून प्रत्येक ठिकाणी दगड ठेवत, रंग लावत आली. वळणावर पोचल्यावर तो वळून म्हणाला, "पास." बायकांनी त्याला सोडलं नाही, घेराव घालून विचारलं, आमची जमीन नाही ना जाणार? त्यानं बांधाकडं हात करून सांगितलं, "इसके अंदर कुछ नहीं." तेवढ्यावर त्या शेतात परतल्या, राब विझत चालला होता.

पुढच्या पगाराला पाकीट उघडलं. फिल्डचा भत्ता होता, पण निम्मा. मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "अगं, तुला मोटारसायकल नाही, रात्री थांबत नाहीस. आणि खरं सांगू का, देणं परवडत नाही. आत्ता हातात नाहीत गं." पेट्रोल आणि राहण्याचे पैसे त्या साताऱ्याला वेगळेच मिळायचे, फिल्डच्या भत्त्यात ते नव्हतेच, हे मी सांगितलं. ते कागद चाळत राहिले.

मी खाली उतरून एसटीडी बूथवरून कल्याणच्या ऑफिसला फोन लावला. साताऱ्याच्या मुलानंच उचलला. भला होता बिचारा, त्यानं तिथल्या माणसाला विचारून लगेच सांगितलं, ये, दर सगळ्यांना एकच. मी परत वर गेले. म्हटलं, "साहेब, मी सोमवारपासून कल्याणला जाते."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "पूर्ण घे. कुठं जाऊ नकोस. पण बाकीच्यांना सांगत बसू नको." आणि ड्रॉवर उघडून उरलेले पैसे तिथंच मोजून दिले. ड्रॉवरमध्ये होते.

इतकी वर्षं मार्क, अनुभव, रूट, मापं यांच्यात मी माझा पगार शोधत होते, आणि तो वाढला एका वाक्यानं. त्या साताऱ्याच्या मुलाला जाता येत होतं म्हणून त्याला जास्त मिळायचं. माझ्याबद्दल सगळ्यांना खात्री होती की ही कुठं जाणार!

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत बसली होती. मी सगळे पैसे तिच्या मांडीवर ठेवले आणि कसं काय झालं ते मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मला वाटलं, हसेल, साहेबाला दोन शिव्या घालेल. ती पैशाला हात न लावता ऐकत होती.

"तू जाते म्हनलीस, आनि त्यानं काडून दिले?"

"हो. लगेच."

"कुनाकडनं आनाय नाय लागले?"

"नाही गं, ड्रॉवरमध्येच होते."

तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे व्हते त्यांच्याकडं," ती म्हणाली. "सगळ्यांकडं व्हते गो. मला तर खरंच वाटायचं, बिचाऱ्यांकडं नसतील."