सुटलेली वायर आणि अण्णाचा फोन

गेल्या रविवारी हिडकल धरणावर मी नेमकं काय केलं, ते मला अजून नीटसं कळलेलं नाही... तरी सांगते.

अण्णा माझा थोरला भाऊ. बेळगावात अनगोळला त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बाबा गेल्यापासून घरातला प्रत्येक निर्णय त्याचाच... माझं कॉलेज, माझं लग्न, अगदी आमच्या फ्लॅटच्या टाइल्ससुद्धा.

यंदा त्याने गोव्याहून एक जुनी, छोटी शिडाची बोट आणली. का, ते कुणालाच कळलं नाही. वहिनीने पाण्यात यायला साफ नकार दिला, म्हणून मी गेले.

काठावर आम्ही बोटीचा खांब उभा केला. त्याला धरून ठेवायला तीन वायरी... एक पुढे, दोन दोन्ही अंगांना. प्रत्येकीच्या खाली टर्नबकल, म्हणजे फिरवला की वायर आवळणारा स्क्रू. सोपं वाटतं ना?

उजवी आवळली की खांब उजवीकडे कलायचा. डावी आवळली की डावीकडे. मोबाइलवरचा व्हिडिओ तिसरंच काहीतरी सांगत होता. त्यात मी बोटीच्या पुढे, अण्णा मागे... म्हणजे माझी डावी ती त्याची उजवी!

"अगं, उजवी म्हटलं न्हवं मी!"

"उजवीच फिरवतेय की अण्णा!"

शेवटी एकदाचा खांब सरळ दिसला. स्क्रू आपोआप सुटू नये म्हणून त्यात बारीक पिन घालायची असते. मला वाटलं अण्णाने घातली, त्याला वाटलं मी...

पाण्यात वारा छान लागला. शीड फुगलं, बोट एका अंगाला कलली. कललेल्या बाजूची वायर ढिली होऊन नुसती थरथरत होती. मी तिला हात लावला... आणि ती खालून सुटून माझ्या हातातच आली.

मी बघतच बसले. खांब तर उभाच होता! मग ही वायर करत काय होती?

"सुटली व्हय? थांब, वळवून काठाला नेतो," म्हणत अण्णाने सुकाणू ढकललं.

"नको अण्णा!" मी ओरडले. "वळवलंस तर वारा दुसऱ्या अंगाने येईल... मग खांबाचा सगळा ताण पलीकडच्या वायरीवरून ह्याच वायरीवर येणार, आणि ही तर सुटलीय!"

अण्णाचा हात थांबला. चेहरा पार उतरला होता.

"मग काय करू गं? मला काय सुचंना झालंय."

त्याच्या तोंडून हे मी कधीच ऐकलं नव्हतं. वायर सुटली त्यापेक्षा मी ह्यानेच जास्त घाबरले. "आधी शीड उतरवूया," म्हणाले... खात्री मुळीच नव्हती.

शीड उतरवलं आणि वल्ही मारत कसेबसे काठाला लागलो. अण्णाने सुटलेल्या वायरीच्या बाजूने खांबाला जरासा धक्का दिला. तो धाडकन आडवा झाला... आम्ही बसलो होतो, बरोबर तिथेच.

काल त्याचा फोन आला. त्याच्या लेकीला धारवाडला ॲडमिशन मिळतेय, पण तिला बेळगाव सोडायचं नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "सुमे, तुला काय वाटतं?"

"मला विचारतोयस?"

"व्हय की."

बोटीत मला खरंच काही कळलं होतं, की नुसतीच भीतीने ओरडले होते... देव जाणे. पण ह्या वयात अण्णाने पहिल्यांदा माझं मत विचारलं, आणि मी ते सांगितलं... खात्री ह्याही वेळी मुळीच नव्हती.